समजून घ्या : स्मार्ट दिवा हबशी जोडलाच जात नाही... बिघाड नेमका कुठे असतो?

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात रात्री साडेदहाला कराडहून बाबांचा व्हिडिओ कॉल आला. आईचे गुडघे दुखतात आणि रात्री दोन-तीनदा तिला उठावं लागतं. बाथरूम घराच्या मागच्या बाजूला. मधल्या बोळात उंबरा आहे. म्हणून मागच्या दिवाळीला मी त्यांना एक हब, हालचाल ओळखणारा एक सेन्सर आणि दोन स्मार्ट बल्ब घेऊन दिले होते. आईने पलंगावरून पाय खाली टेकवला की बोळातला दिवा आपोआप मंद लागायचा. सात महिने छान चाललं. पाऊस सुरू झाला आणि एका रात्री तो लागेना. ॲपमध्ये इंग्रजीत एकच ओळ येत होती. तिचा अर्थ, ‘पेअरिंग अयशस्वी, पुन्हा प्रयत्न करा.’

बाबांनी पुन्हा प्रयत्न केला. मीही पुण्यातून फोनवर सांगत राहिले. ‘अगं, तुझा दिवा नुसता डोळे मिचकावतोय,’ आई मागून म्हणाली. ते मी कानाआड केलं. इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशनची पदवी घेतलेल्या मुलीने आईचं हे एक वाक्य नीट ऐकलं असतं, तर पुढचे तीन रविवार वाचले असते. दुसऱ्या रविवारच्या आदल्या रात्री आई अंधारात उंबऱ्याला अडखळली. दाराची चौकट हाताला लागली म्हणून पडली नाही. तेव्हापासून बाबा बोळातली ट्यूब रात्रभर चालू ठेवू लागले.

आमच्या डेस्ककडे वाचकांचे प्रश्न येतात, त्यात हा प्रश्न वेगवेगळ्या रूपांत सारखा असतो. प्लग जोडला जात नाही, दाराचा सेन्सर सापडत नाही, हब ‘नवीन उपकरण शोधत आहे’ म्हणत गोल फिरत राहतो. बहुतेकांचा निष्कर्ष एकच असतो, ‘पीस खराब आलाय.’ पीस क्वचितच खराब असतो.

पेअरिंग होताना नेमकं काय घडतं?

बल्बला ना पडदा, ना कीबोर्ड. त्याला घरच्या वाय-फायचा पासवर्ड सांगायचा कसा, हा या प्रकरणातला मूळ प्रश्न आहे. त्यावरची युक्ती अशी. नवा वाय-फाय बल्ब चालू केला की तो स्वतःचंच एक छोटं वाय-फाय सुरू करतो किंवा ब्लूटूथवरून हाक मारतो. तुमचा फोन काही क्षण त्याच्याशी जोडला जातो आणि घरच्या नेटवर्कचं नाव व पासवर्ड त्याच्या कानात सांगतो. मग बल्ब आपलं छोटं दुकान बंद करतो, राउटरकडे जातो, पासवर्ड देऊन आत शिरतो आणि इंटरनेटवरून कंपनीच्या सर्व्हरला कळवतो, की मी आता अमुक खात्याचा झालो. तो निरोप हबपर्यंत किंवा स्मार्ट स्पीकरपर्यंत पोचला की ॲपमध्ये हिरवी खूण दिसते.

झिग्बी आणि झेड-वेव्ह या पद्धतींमध्ये वाय-फायचा पासवर्ड लागत नाही. तिथे हब ठरावीक वेळ दार उघडून बसतो, उपकरण दारावर थाप मारतं, हब त्याला किल्ली देतो आणि वहीत नाव लिहून घेतो. हे दार कायम उघडं नसतं. साधारण एक ते चार मिनिटांत बंद होतं. तुम्ही हबला शोधायला सांगून स्टुलावर चढून बल्ब बसवेपर्यंत अनेकदा वेळ संपलेली असते. म्हणून आधी बल्ब लावा, मग शोध सुरू करा.

म्हणजे पेअरिंग ही एक क्रिया नसून चार-पाच क्रियांची साखळी आहे. कुठलीही कडी तुटली तरी ॲप मात्र तेच वाक्य दाखवतं. साखळी कुठे तुटली हे शोधणं, एवढंच आपलं काम.

वाय-फाय चालू आहे, तरी बल्बला दिसत कसं नाही?

कारण वाय-फाय एक नाही, निदान दोन असतात. आज घरात येणारे बहुतेक फायबर राउटर २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन पट्ट्यांवर चालतात. पाचचा पट्टा वेगवान, पण भिंतीपुढे लवकर हार मानतो. दोन पूर्णांक चारचा हळू, पण लांब पोचतो. स्वस्त बल्ब, प्लग, कॅमेरे यांच्यातली चिप फक्त २.४ वर बोलते. तिला पाचचा पट्टा ऐकूच येत नाही.

इथे एक गोंधळ हमखास होतो. राउटरच्या नावापुढे ‘५जी’ लिहिलेलं असतं, त्याचा मोबाइलच्या फाइव्ह-जीशी काहीही संबंध नाही. ते पाच गिगाहर्ट्झ आहे. चांगलं तेच द्यावं म्हणून लोक बल्बलाही ‘५जी’वालं नाव देतात आणि तिथेच अडकतात.

दोन नावं वेगळी असतील तर फोन आधी २.४ च्या नावावर जोडा आणि मग पेअरिंग करा. दोन्ही पट्ट्यांना एकच नाव असेल, तर राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन पाचचा पट्टा दहा मिनिटं बंद ठेवा. बल्ब एकदा जोडला गेला की पुन्हा चालू करा, तो नातं तोडत नाही. हे सेटिंग बहुतेक राउटरांत १९२.१६८.१.१ या पत्त्यावर उघडतं. राउटरच्या पाठीमागच्या स्टिकरवर पत्ता आणि पासवर्ड दोन्ही छापलेले असतात.

त्याच पानावर आणखी दोन गोष्टी बघून घ्या. सुरक्षेचा प्रकार ‘डब्ल्यूपीए-३’ एवढाच ठेवला असेल, तर अनेक जुनी उपकरणं आत येऊच शकत नाहीत. ‘डब्ल्यूपीए-२’ किंवा दोघांचं मिश्रण ठेवा. दुसरी गोष्ट, ‘एपी आयसोलेशन’. हा पर्याय चालू असेल तर नेटवर्कवरची उपकरणं एकमेकांना दिसत नाहीत. पाहुण्यांसाठीच्या गेस्ट वाय-फायवर तो बहुधा चालूच असतो. हॉटेलात ते ठीक आहे. घरी हब आणि बल्ब एकाच छपराखाली राहून एकमेकांना अनोळखी राहतात.

आणि नेटवर्कचं नाव साधं ठेवा. मराठीतून ठेवायची हौस मलाही होती. पण नावाला ३२ बाइटची मर्यादा आहे आणि देवनागरीतलं प्रत्येक अक्षर, काना, मात्रा, वेलांटी तीन-तीन बाइट खाते. ‘गणपती बाप्पा मोरया’ त्यात मावतच नाही. जे नाव मावतं तेसुद्धा काही स्वस्त चिपना वाचता येत नाही. इमोजीचंही तेच.

दोष फोनचा असू शकतो का?

असतो, आणि तिथे कुणी बघत नाही. बल्बच्या छोट्या वाय-फायवर इंटरनेट नसतं. फोन हुशार. इंटरनेट नाही म्हटल्यावर तो गुपचूप मोबाइल डेटावर उडी मारतो आणि बल्बशी चाललेलं बोलणं अर्धवट तुटतं. पेअरिंगपुरता मोबाइल डेटा बंद ठेवा. व्हीपीएन असेल तर तोही.

मग परवानग्या. अँड्रॉइडच्या ११ पर्यंतच्या आवृत्त्यांत आसपासची ब्लूटूथ उपकरणं शोधायला ॲपला लोकेशनची परवानगी लागते, आणि फोनचं लोकेशनही चालू असावं लागतं. अँड्रॉइड १२ पासून ‘जवळची उपकरणं’ अशी वेगळी परवानगी आली. आयफोनवर आयओएस १४ पासून ‘लोकल नेटवर्क’ची परवानगी आली. ती घाईत एकदा नाकारली की ॲप पुन्हा विचारत नाही आणि बल्ब कधीच सापडत नाही. सेटिंगमध्ये जाऊन ती हाताने चालू करावी लागते. बल्ब दिव्याला लोकेशन कशाला हवं, ही शंका रास्त आहे. पेअरिंग झाल्यावर ती परवानगी काढून घेतली तरी दिवा बहुधा लागत राहतो. मी काढते.

बल्ब किती वेगाने लुकलुकतोय तेही पाहा. अनेक स्वस्त उपकरणांत जलद लुकलुकणं म्हणजे ‘झटपट पद्धत’. त्यात फोन पासवर्ड हवेतूनच प्रसारित करतो आणि बल्ब तो ऐकायचा प्रयत्न करतो. दोन पट्ट्यांच्या राउटरवर ही पद्धत वारंवार फसते. रिसेट पुन्हा एकदा केलं की लुकलुकणं संथ होतं, म्हणजे बल्बने स्वतःचं वाय-फाय सुरू केलं. ॲपमध्ये ‘एपी मोड’ निवडा. वेळ थोडा जास्त लागतो, पण काम होतं.

हब बोळात पोचतच नसेल तर?

आता कराडच्या घराकडे येऊ. आमचे बल्ब झिग्बीचे. हे नाव मधमाश्यांच्या नागमोडी नाचावरून आलं असं सांगतात. कॉलेजात आम्ही हे प्रमाण ‘८०२.१५.४’ या आकड्याने पाठ केलं होतं, आठ गुणांच्या प्रश्नासाठी. त्याचा घरच्या उंबऱ्याशी कधी संबंध येईल असं वाटलं नव्हतं.

झिग्बीचा आवाज बारीक असतो, कारण त्याला एका बटण-सेलवर महिनोन् महिने काढायचे असतात. शिवाय तो त्याच २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात बोलतो जिथे वाय-फाय ओरडत असतं. झिग्बीचे चॅनेल ११ ते २६ असे सोळा. वाय-फायचे आपल्याकडे १ ते १३. आकडे सारखे दिसतात म्हणून फसू नका. झिग्बीचा ११ हा वाय-फायच्या १ खाली दडपला जातो, वाय-फायच्या ११ खाली नव्हे. झिग्बीला मोकळी हवा मिळते ती साधारण १५, २० आणि २५ या फटींमध्ये. हब २५ वर असेल तर राउटर १ किंवा ६ वर ठेवावा. हब ११ वर असेल तर राउटर ११ वर. बदल राउटरमध्ये करा, हबमध्ये नको. झिग्बीचा चॅनेल बदलला की काही उपकरणं मागे येतात, काही हरवतात आणि सगळं पुन्हा जोडत बसावं लागतं. राउटरच्या २.४ पट्ट्याची रुंदी ‘ऑटो’ किंवा ४० वर असेल तर २० करा. शेजारच्यांचेही आभार मिळतील.

पाऊस आल्यावर बाबांनी खिडकीतला हब उचलून टीव्हीच्या कपाटात ठेवला होता, तुषार येतात म्हणून. बरोबर राउटरच्या मागे. त्याच राउटरला जुन्या चित्रपटांची हार्ड डिस्क लावलेली. यूएसबी ३.० ची तार २.४ गिगाहर्ट्झमध्ये गोंगाट करते, हे इंटेलने २०१२ मध्येच एका टिपणात दाखवून दिलं आहे. हब आणि बल्ब यांच्यात दोन दगडी भिंती, राउटर आणि ती तार. बल्ब हाका मारत होता, हबला ऐकू येत नव्हतं.

उपाय एकदम साधा निघाला. हब राउटरपासून हातभर नव्हे, दोन-तीन हात लांब ठेवायचा. बल्ब बोळातून काढून हॉलच्या होल्डरमध्ये लावायचा, हबच्या समोर. तिथे तो विसाव्या सेकंदाला जोडला गेला. मग परत बोळात. मध्ये स्वयंपाकघरात झिग्बीचाच एक स्मार्ट प्लग लावला. कायम विजेवर असलेली झिग्बी उपकरणं बहुधा इतरांचे निरोप पुढे पोचवतात. सेलवरची पोचवत नाहीत. त्यामुळे लांबच्या खोलीत सेन्सर जोडायचा असेल, तर आधी वाटेतला प्लग जोडा, मग सेन्सर. उलटा क्रम अनेक घरांत आठवडे खातो.

सेन्सर सेलवरचा असेल तर आणखी एक. सेलखालची प्लॅस्टिकची पट्टी ओढून काढली का, हे बघा (हसू नका, मी स्वतः विसरले आहे). आणि तो झोपतो. पेअरिंग चालू असताना दर काही सेकंदांनी त्याचं बटण दाबून त्याला जागं ठेवावं लागतं.

अमेरिकेतून आणलेलं उपकरण इथे का चालत नाही?

मुलगा-सून सुट्टीला येताना सेलमध्ये घेतलेली झेड-वेव्हची कुलपं, सेन्सर घेऊन येतात. झेड-वेव्ह २.४ वर नाही, त्याहून खालच्या लहरींवर चालतं आणि त्या देशागणिक वेगळ्या असतात. अमेरिकेत ९०८.४ मेगाहर्ट्झ, युरोपात ८६८.४, भारतात ८६५.२. अमेरिकी सेन्सर आणि भारतीय हब कितीही शेजारी ठेवा, ते वेगवेगळ्या स्टेशनांवर बसलेत. रिसेट करून काही होणार नाही. शिवाय तिकडचा प्लग १२० व्होल्टसाठी बनलेला, आपल्याकडे २३०. तो पेअरिंगच्या आधीच धूर काढू शकतो. झिग्बी आणि वाय-फायला हा लहरींचा प्रश्न नाही, व्होल्टचा मात्र आहे.

भारतातलंच झेड-वेव्ह असेल आणि तरी जोडत नसेल, तर ‘जोडा’च्या आधी ‘वगळा’ करा. हबमध्ये ‘एक्सक्लुजन’ नावाचा पर्याय असतो. उपकरणाला जुन्या हबची आठवण शिल्लक असेल तर ते नव्याला दाद देत नाही. कारखान्यातल्या चाचणीची आठवणसुद्धा राहून गेलेली असू शकते. गंमत म्हणजे ही आठवण कुठलाही हब पुसू शकतो, जुनाच हवा असं नाही.

आणि खात्याची आठवण?

ती इतकी सहज पुसली जात नाही. वाय-फायची पुष्कळशी उपकरणं कंपनीच्या सर्व्हरवर कुणाच्या तरी खात्याला बांधलेली असतात. जुना कॅमेरा विकत घेतला, भाड्याच्या फ्लॅटमध्ये आधीच्या भाडेकरूचं स्मार्ट कुलूप राहिलं, किंवा नव्या इमारतीत बिल्डरच्या कंत्राटदाराने स्वतःच्या ईमेलवरून हब सुरू करून दिला, तर तुम्ही बटण कितीही वेळ दाबा, सर्व्हर म्हणणार, हे दुसऱ्याचं आहे. चोरीला आळा घालायला हे चांगलं. पण फ्लॅटचा ताबा घेताना किल्ल्यांबरोबर खातंही हस्तांतरित करून घ्यायला हवं, हे अजून कुणाच्या यादीत नसतं. कंत्राटदाराच्या फोनमध्ये तुमच्या दाराचं कुलूप राहणं ही निव्वळ गैरसोयीची बाब नाही.

‘मॅटर’ आल्यावर हे सगळं संपणार होतं ना?

असं सांगितलं गेलं होतं. ॲपल, गुगल, ॲमेझॉन यांच्यासह अनेक कंपन्यांनी मिळून केलेल्या ‘मॅटर’ या समान प्रमाणाची पहिली आवृत्ती ऑक्टोबर २०२२ मध्ये आली. कुठलंही उपकरण, कुठलाही हब, एक क्यूआर कोड. बऱ्याच अंशी हे खरंही झालं. पण अडचणी संपल्या नाहीत, त्यांनी जागा बदलली.

मॅटरच्या पेअरिंगची सुरुवात सहसा ब्लूटूथवरून होते, म्हणून फोनचं ब्लूटूथ चालू हवं आणि फोन उपकरणाच्या जवळ. त्याला आयपीव्ही-६ लागतं. राउटरमध्ये ते बंद करून ठेवलेलं असेल तर गाडी शेवटच्या टप्प्यावर थांबते. उपकरण ‘थ्रेड’ प्रकारचं असेल तर त्याला घरात थ्रेडचा दुवा हवा. तो होमपॉड मिनी किंवा दुसऱ्या पिढीचा नेस्ट हब अशा काही उपकरणांत असतो. सगळ्या स्मार्ट स्पीकरांत नसतो, आणि खोक्यावर ‘मॅटर’चं चिन्ह पाहून हे कळत नाही. नवं उपकरण वीज मिळाल्यावर साधारण १५ मिनिटंच पेअरिंगला तयार असतं. नंतर बंद-चालू करावं लागतं.

सगळ्यात जास्त लोक अडकतात ते दुसऱ्यांदा जोडताना. बल्ब गुगलला जोडलेला आहे, आता ॲपललाही जोडायचा. छापलेला कोड पुन्हा स्कॅन केला तर चालत नाही. पहिल्या ॲपमध्ये जाऊन ‘दुसऱ्या ॲपशी जोडा’ असा पर्याय शोधायचा. तिथे नवा, थोड्या वेळापुरता कोड मिळतो. आणि मूळ ११ आकडी कोडाचा फोटो काढून ठेवा, उपकरण भिंतीत जायच्या आधी. स्मार्ट स्विचचा कोड अनेकदा त्याच्या पाठीवर छापलेला असतो आणि पाठ असते बोर्डाच्या आत.

बोर्डावरून आठवलं. भिंतीत गाडलेली लोखंडी बॉक्स रेडिओ लहरी अडवते. स्विच टेबलावर चालतो, भिंतीत गेला की गायब होतो, त्याचं कारण बहुधा हेच. बोर्ड उघडून स्वतः तपासायला जाऊ नका. मेन बंद करून वायरमनकडूनच करून घ्या.

डोळे मिचकावणारा दिवा

आईच्या वाक्याकडे परत. झिग्बीचा असो की वाय-फायचा, पुष्कळ बल्बना बटण नसतं. त्यांना रिसेट करायचं तर भिंतीवरच्या बटणाने पटापट बंद-चालू करायचं. कुणाला तीन वेळा, कुणाला पाच, कुणाला सहा. तेवढ्या वेळा वीज गेली-आली की बल्ब समजतो, मालकाला सगळं विसरायला सांगायचं आहे. तो विसरतो आणि लुकलुकत नव्या हबची वाट पाहू लागतो.

आता पावसाळ्यातली आपल्याकडची वीज आठवा. फांदी तारेला घासते, लाईट जाते, येते, जाते, येते. बल्बच्या दृष्टीने हा रिसेटचा हुकूमच. आमचा दिवा बिघडला नव्हता. ‘मी पुसला गेलोय, मला पुन्हा जोडा’ असं तो दोन आठवडे सांगत होता. ते आईला दिसत होतं आणि मला ऐकू येत नव्हतं.

रिसेटची ही युक्ती जिथे शोधली गेली तिथे बहुधा वीज अशी खेळत नसावी. काही कंपन्या ॲपमध्ये हा प्रकार बंद करायची सोय देतात. आमच्या बल्बमध्ये नव्हती. वायरमनकडून बोळाचा तो पॉइंट इन्व्हर्टरच्या लाइनवर घेतला. लाईट गेली तरी बल्बला आता पत्ता लागत नाही. दुसरा शत्रू म्हणजे आपली सवय. निघताना बटण बंद करायचं हे आपल्या हाडात आहे आणि त्यात गैर काही नाही. पण बटण बंद म्हणजे बल्ब मेला, आणि त्याच्यामार्फत बोलणारे सेन्सरही अनाथ झाले. त्या बटणावर चिकटपट्टी लावणं हा शंभर टक्के भारतीय आणि शंभर टक्के यशस्वी उपाय आहे.

कारण सांगायला काय जातं?

इतका वेळ वाचकाने काय तपासावं हे सांगितलं. पण हे काम वाचकाचं का असावं? पासवर्ड चुकला, नेटवर्क सापडलं नाही, सुरक्षा जुळली नाही, यातलं काय घडलं ते बल्बमधल्या चिपला कळलेलं असतं. वाय-फायच्या प्रमाणातच नकाराच्या कारणांना क्रमांक दिलेले आहेत. हबलाही माहीत असतं की कुणी थाप मारली की नाही. ही माहिती ॲपपर्यंत येते आणि तिथे तिच्यावर ‘काहीतरी चुकलं’ असा गुळगुळीत रंग फासला जातो. सामान्य ग्राहक गोंधळेल, असा बचाव होतो. एटीएम ‘पिन चुकीचा’ आणि ‘खात्यात पुरेसे पैसे नाहीत’ हे दोन वेगळे निरोप देतं. कोण गोंधळतं त्याने? सत्तरीचे आजोबाही बरोबर समजतात की आता काय करायचं.

आपल्याकडे वेष्टनावरचा मजकूर हिंदी किंवा इंग्रजीत असावा असा नियम आहे, सोबत इतर भाषा वापरायला मनाई नाही. तरी किंमत आणि आयातदाराचा पत्ता बारीक अक्षरात आणि बाकी खोकंभर चकचकीत छायाचित्र. ‘फक्त २.४ गिगाहर्ट्झ’, ‘वेगळा हब लागेल’, ‘इंटरनेट नसताना चालेल की नाही’ या तीन ओळी मराठीत ठळक छापल्या, तर निम्म्या तक्रारी दुकानातच मिटतील. पेअरिंगचं बोट भर इंग्रजी ॲपमध्ये अडकतं ते आई-बाबांचंच, जे मोबाइलवर हाच मजकूर मराठीत सहज वाचत आहेत.

तिसरी ओळ सर्वांत महत्त्वाची. गुगलच्या कुटुंबातल्या नेस्टने विकत घेतलेला ‘रिव्हॉल्व्ह’ नावाचा हब मे २०१६ मध्ये सर्व्हरच बंद केल्याने निकामी झाला. एप्रिल २०२२ मध्ये ‘इन्स्टिऑन’ या अमेरिकी कंपनीचे सर्व्हर अचानक बंद पडले आणि ग्राहकांना आधी कळलंही नाही. त्या दिवशी तिथल्याही कुणी तरी फोनवर ‘राउटर बंद-चालू करून बघा’ असंच सांगितलं असेल. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या कायद्याने इंटरनेटला जोडल्या जाणाऱ्या घरगुती वस्तूंच्या उत्पादकांना सुरक्षा अपडेट किमान कधीपर्यंत देणार हे जाहीर करणं बंधनकारक केलं. आपल्याकडे दुधाच्या पिशवीवर तारीख असते. दाराच्या स्मार्ट कुलपावरही ती असायला हरकत नसावी.

तोवर खरेदी करताना एवढं विचारा, की हे काम हबशिवाय होईल का? आमच्या बोळासाठी सेलवर चालणारा, हालचाल दिसली की लागणारा साधा दिवा पुरला असता. त्याला ॲप नाही, खातं नाही, पेअरिंग नाही. दिवाळीला तो न्यायचा मला कमीपणा वाटला होता.

सध्या बोळातला स्मार्ट दिवा लागतो आहे. चिकटपट्टी बटणावर आहे, हब खिडकीपासून दूर शोकेसवर आहे आणि बल्बच्या कोडाचा फोटो घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पिन केलेला आहे. हार्ड डिस्क बाबांनी काही केल्या काढू दिली नाही. आईने मात्र उशाशी बॅटरी ठेवली आहे, ती अजून तिथेच आहे.